एक सांगाडा, अनेक नळ्या

अमेरिकेत वॉरन सेंटर यांनी घडवलेली ‘काँटेंडर’ १९६७मध्ये बाजारात आली. एकबारी, मधून मोडणारी बंदूक. पुढचा लाकडी हात काढला, बिजागरीची खीळ ढकलली की नळी सुटते. खारीसाठी .२२, कोल्ह्या-कोयोटसाठी .२२३, दाट रानातल्या हरणासाठी .३०-३०, सांगाडा तोच.

मात्र ‘कोणतीही नळी चालते’ हा समज धोक्याचा. सांगाडा किती दाब पेलतो, यावर कॅलिबर ठरतं. .३०८ किंवा .३०-०६ हवं असेल, तर काँटेंडर बनवणाऱ्या कंपनीचीच दणकट ‘एन्कोर’ घ्यावी लागते. तिच्या नळ्या काँटेंडरला बसत नाहीत. मोडत्या बंदुकीत बुडाला कडा असलेलं काडतूस बाहेर काढणं सोपं जातं, म्हणून .३०-३०ला जुने शिकारी अजून पसंती देतात. दुर्बीण नळीवरच बसते, त्यामुळे नळी बदलली तरी नेम पुन्हा जुळवण्याची कटकट फारशी नाही. पण नळ्यांइतक्या दुर्बिणी घ्यायच्या, तर ‘स्वस्तातला शस्त्रसाठा’ हे कौतुक थोडं फसवंच!

नळी बदलताना तिच्या लांबीबाबतचा कायदाही पाहावा लागतो. अमेरिकेत खांद्याला टेकवायच्या रायफलची नळी १६ इंचांहून आखूड असेल, तर सरकारी नोंदणी लागते. काँटेंडर पिस्तूल म्हणूनही आणि रायफल म्हणूनही जोडता येते; अशा संचावरून सुरू झालेला कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९२मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तरीही पिस्तुलाची १० इंची नळी आणि खांद्याचा दस्ता नोंदणीविना एकत्र जोडणं तिथे गुन्हाच आहे.