गोलांचे गणित आणि नशिबाचा वाटा

२२ नोव्हेंबर २०२२ हा दिवस फुटबॉल पाहणाऱ्यांच्या चांगलाच लक्षात असेल. कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर विश्वचषकाचा साखळी सामना होता. एका बाजूला मेस्सीचा अर्जेंटिना, लागोपाठ ३६ सामने न हरलेला, जागतिक क्रमवारीत तिसरा. दुसऱ्या बाजूला ५१व्या क्रमांकाचा सौदी अरेबिया. दहाव्याच मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. अर्जेंटिना आता किती गोलांनी जिंकणार, एवढाच प्रश्न उरला असे सगळ्यांना वाटले. पूर्वार्धातच अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळ्यात धाडला, पण तिन्ही वेळा ऑफसाइड ठरला. मध्यंतरानंतर सौदीच्या खेळाडूंनी पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले आणि सामना २-१ असा जिंकला. त्यांच्या देशात दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली.

पुढे काय झाले? सौदीचा संघ उरलेले दोन्ही साखळी सामने हरून घरी परतला. आणि त्या दिवशी मान खाली घालून मैदानाबाहेर पडलेला अर्जेंटिना २६ दिवसांनी, त्याच मैदानावर, विश्वविजेता झाला. मग त्या दिवशीचा निकाल खोटा होता काय? मुळीच नाही. पण तो निकाल नेमके काय सांगत होता, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

फुटबॉलमध्ये असे उलटफेर इतके का होतात? याचे उत्तर फार सोपे आहे. या खेळात गोल फार थोडे होतात. कतारच्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे पावणेतीनही नाहीत. १९९० साली इटलीत तर ५२ सामन्यांत ११५ गोल झाले होते. तिथे सरासरी सव्वादोनचीही नव्हती. आता कबड्डी घ्या. तिथे एकेक संघ तीस-तीस, चाळीस-चाळीस गुण मिळवतो. एखाद्या चढाईत पाय घसरला, तर ती चूक भरून काढायला पुढच्या कितीतरी चढाया हाताशी असतात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे राबून एखाददुसराच गोल पदरात पडतो. तिथे एक घसरलेला पाय म्हणजे सगळा सामना.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, एक संघ सामन्यामागे सरासरी दोन गोल करतो आणि त्याच्यासमोरचा संघ एक. म्हणजे पहिला संघ दुप्पट ताकदीचा झाला. गोल केव्हा होईल हे आधी सांगता येत नाही, पण सरासरी ठाऊक आहे, अशा घटनांसाठी गणितात पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे. ते इथे लावले, तर शंभर सामन्यांपैकी सुमारे साठ सामने दुप्पट ताकदीचा संघ जिंकतो. एकवीस बरोबरीत सुटतात. आणि उरलेले अठरा चक्क दुबळा संघ जिंकतो! आता याच दोन संघांची सरासरी वीस आणि दहा गोलांची आहे असे धरा. ताकद अजूनही दुप्पटच आहे, फक्त गोल दसपट झाले. तेवढ्याने दुबळ्या संघाचे विजय शंभरात तिनांवर येतात. म्हणजे दुबळ्याला आशा मिळते ती गोलांच्या दुष्काळामुळे. गोल जितके कमी, तितकी नशिबाला जागा जास्त.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेतील एली बेन-नईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खेळांच्या मोठ्या लीगमधील तीन लाखांहून अधिक सामन्यांचे निकाल तपासले आणि २००६ साली ते प्रसिद्ध केले. दुबळ्या संघाने बलवान संघाला हरवण्याचे प्रमाण त्यांना इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सर्वाधिक आढळले. बेसबॉल त्याच्या मागोमाग होता. बास्केटबॉल बराच मागे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला अर्थात हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

काही वेळा तर नशीब अगदी उघडपणे मैदानात उतरते. १९६८ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना नेपल्सला झाला. जादा वेळ देऊनही इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यात गोल झालाच नाही. पेनल्टीची पद्धत तेव्हा आली नव्हती. निकाल लागला तो नाणेफेकीवर! इटलीने कौल जिंकला आणि पुढे स्पर्धाही. त्याआधी १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांच्यात तीन सामने होऊनही निकाल लागेना, तेव्हा रॉटरडॅमच्या मैदानावर पंचांनी कौल उडवला. तो पहिल्या वेळी चिखलात उभाच रुतून बसला. दैवानेही निर्णय द्यायचे नाकारले म्हणायचे! १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला तो अशा प्रसंगांना कंटाळून.

२००९ साली तर याहून मोठी गंमत झाली. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलच्याच एका पाठीराख्याने मैदानात समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तसला हवेचा लाल चेंडू भिरकावला. डॅरेन बेंटने मारलेला खरा चेंडू त्या हवेच्या चेंडूवर आदळला, दिशा बदलून गोलात शिरला, आणि संडरलँडने १-० असा सामना जिंकला. नियमाप्रमाणे तो गोल द्यायलाच नको होता.

पण म्हणून प्रत्येक धक्कादायक निकाल नशिबाच्या खात्यावर मांडणे हाही अन्यायच. सौदीच्या बचावफळीने त्या दिवशी जिवावर उदार होऊन पुढे सरकून उभे राहण्याचे धोरण स्वीकारले होते. अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले ते त्यामुळे. २००४ साली ग्रीसने युरोपीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा बाद फेरीतले तिन्ही सामने, फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि अंतिम फेरीत यजमान पोर्तुगाल यांच्याविरुद्धचे, १-० असेच जिंकले. त्यांचे जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागल यांनी वरचे गणित मांडले होते की नाही कोण जाणे, पण वागले ते त्याप्रमाणेच. समोरचा बलवान असेल तर सामना आवळून धरायचा. गोल होण्याच्या संधीच कमी करायच्या आणि मिळेल ती एक साधायची. नशिबाला जागा करून देणे हेही एक कौशल्यच.

लेस्टर सिटीची गोष्ट आणखी निराळी. २०१५-१६ च्या मोसमाआधी या संघाच्या विजेतेपदावर सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता. लेस्टरने ३८ सामन्यांत फक्त तीन हरले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण जास्त मिळवून ते विजेते झाले. एका दुपारी चेंडू खांबाला लागून आत जाऊ शकतो. ३८ आठवडे तो खांब तुमच्याच बाजूने उभा राहत नाही. सामने वाढत जातात तसतसा नशिबाचा आवाज दबत जातो आणि संघाची कुवत बोलू लागते. तरीही तो पुरता बंद होत नाही. लेस्टर पुढच्या वर्षी बाराव्या क्रमांकावर घसरले आणि ज्यांनी विजेतेपद मिळवून दिले त्या क्लॉडिओ रानिएरींना मोसम संपण्याआधीच नारळ मिळाला.

इथपर्यंत सारे गमतीचे वाटेल. पण नशिबाचा हा वाटा न ओळखल्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वविजेते व्हायला उरुग्वेशी फक्त बरोबरी हवी होती. ब्राझीलने पहिला गोलही केला. मग उरुग्वेने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला घिग्गिया उजवीकडून धावत आला. तो चेंडू मधे देईल या अंदाजाने गोलरक्षक बार्बोसा किंचित सरकला आणि घिग्गियाने खांबाजवळच्या फटीतून थेट गोल मारला. बार्बोसाचा अंदाज चुकीचा नव्हता. आधीचा गोल तसाच झाला होता. पण पुढे २००० साली मरेपर्यंत त्या एका पावलाने त्याचा पिच्छा सोडला नाही. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो म्हणत असे. संघ अकराजणांचा होता, मैदानही सर्वांचे होते, पण हार एकट्याच्या नावावर लिहिली गेली.

कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार याच्या वाट्याला तर तेवढी वर्षेही आली नाहीत. २२ जून १९९४ ला अमेरिकेविरुद्ध चेंडू अडवायला त्याने पाय घातला आणि चेंडू आपल्याच गोलात गेला. कोणताही चांगला बचावपटू तिथे पाय घालणारच. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो सत्तावीस वर्षांचा होता.

नशीब हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. मुळात नसीब म्हणजे वाटा, हिस्सा. किस्मत या शब्दाचे मूळही वाटणीतच आहे. आणि अस्सल मराठीत आपण काय म्हणतो? अमुक गोष्ट माझ्या वाट्याला आली. तिन्ही शब्दांना एकच गोष्ट ठाऊक आहे. नशीब म्हणजे सगळे काही नव्हे, आणि काहीच नव्हे असेही नाही. तो एक हिस्सा आहे. उरलेला हिस्सा मेहनतीचा. सराव करून संघ शंभरातल्या साठ विजयांचे सत्तर करू शकतो. शंभर कोणीच करू शकत नाही.

पेनल्टी घ्यायला उभ्या असलेल्या खेळाडूकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे. साधारण चारांतली एक पेनल्टी वाया जातेच, मग मारणारा कितीही मोठा असो. आज ती त्याच्या वाट्याला आली, तर तो गुन्हेगार होत नाही. आणि हे फक्त मैदानापुरते खरे आहे असे मला वाटत नाही. परीक्षेत दोन गुणांनी मागे राहिलेले आपल्या घरातले पोरगे, एका अवकाळी पावसाने हिशेब चुकलेला शेजारचा शेतकरी यांच्याकडे पाहतानाही वाट्याचा हा हिशेब आठवावा. जिंकलेल्याला शाबासकी जरूर द्या. पण हरलेल्याच्या नावावर सगळीच हार लिहून टाकण्याआधी, त्यात नशिबाचा वाटा किती होता, तेवढा वजा करा.