सीब्राइट कोंबडी : रूपाची किंमत

कोंबडा ओळखावयाचा कसा? शेपटीच्या कमानीवरून आणि मानेच्या टोकदार पिसांवरून, हे खेड्यातले पोरही सांगेल. इंग्लंडातील सीब्राइट ही 'बँटम' जात मात्र याला अपवाद आहे. बँटम म्हणजे ठेंगणी कोंबडी. हे नाव जावा बेटावरील बांतेन बंदरावरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉन सीब्राइट यांनी निवडक जोड्या लावून ही जात घडविली. सोनेरी वा रुपेरी पिसाला काळी किनार, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि कोंबड्याचा पिसारा कोंबडीसारखा! याच्या मुळाशी एक जनुक आहे. त्याच्यामुळे नराचे संप्रेरक कातडीतच मादीच्या संप्रेरकात पालटते. खच्ची केलेल्या सीब्राइटला कोंबड्याची पिसे फुटतात, हे मॉर्गन या शास्त्रज्ञाने १९१९ साली प्रसिद्ध केले.

परंतु केवळ रूपासाठी केलेली निवड महाग पडली. पुष्कळ अंड्यांतून पिलेच निघत नाहीत. निघतात ती नाजूक. अंड्यामांसाचा बाजार तिला विचारीत नाही, म्हणून ती दुर्मिळ झाली आहे. जात घडविणाऱ्याचे नाव राहिले. ती जगते मात्र रोज दाणापाणी करणाऱ्या बिननावाच्या हातांवर. ते हात एक पिढीभर थांबले, तर दोनशे वर्षांची मेहनत परत मिळावयाची नाही.