मोटारसायकलींतील पेट्रोलपंपाची वीज

पूर्वीं मोटारसायकलीच्या टाकींतील पेट्रोल आपल्याच भारानें कार्बोरेटरांत उतरत असे. तोटी उघडली कीं काम झालें. ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धुराचे नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत टाकीच्या आंतच विजेचा लहान पंप आला. मालेगांवास किंवा रिसोडास बाजारासाठीं जातांना अशी गाडी बंद पडल्यास आपले शेतकरी बंधु अजून तोटीच चांचपडतात. म्हणून या पंपाच्या विजेचा मार्ग आम्ही येथें सांगतों.

बॅटरीची वीज १२ व्होल्टची असते. ती फ्यूजमधून व रिले नांवाच्या डबींतून पंपास जाते आणि बॅटरीच्या ऋण टोंकाशीं परत येते. रिले म्हणजे विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरचें लहान भावंडच. हिरवें बटन दाबतांच स्टार्टरांतील कॉइल लोहचुंबक बनते, पट्ट्या ओढते व मोठा प्रवाह सुरू होतो. तसेंच येथें घडतें. मात्र बटन दाबणारा हात गाडींतील संगणकाचा असतो.

किल्ली फिरवितांच संगणक पंपास दोन-तीन सेकंद चालवितो. टाकीजवळ कान दिल्यास घरघर ऐकूं येते. तेवढ्यांत नळींत सुमारें ३ बार दाब भरतो. पुढें इंजिन फिरत असल्याची खूण न मिळाल्यास पंप थांबतो. गाडी आडवी पडल्यास कल ओळखणारें यंत्र इंजिन व पंप दोन्ही बंद करवितें. गाडी उभी करून किल्ली एकदां बंद करावी व मग चालू करावी, म्हणजे बहुधा पंप पुन्हां चालतो.

घरघर मुळींच नसल्यास प्रथम फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच जळाल्यास उंदरांनीं कुरतडलेली तार शोधावी. किटकॅटमध्यें जाड तार भरण्याची आपली खोड येथें प्राणघातक होय. वीज अडविणारें कांहीं न राहिल्यानें गाडीची तार तापून पेट्रोलाशेजारींच आग लागेल. रिले वगळून पंपास सरळ वीज जोडणेंही तितकेंच वाईट. अपघातांत नळी तुटली तरी पंप थांबणार नाहीं, व पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडत राहील.

टाकी अगदीं तळास जाऊं देऊं नये, कारण पेट्रोलच पंपास थंड ठेवितें. आणि योग्य अँपिअरचा एक जादा फ्यूज गाडींत सदैव बाळगावा.