वर्डच्या फाईलमधून शिरतो चोर! सतरा वर्षे कुणाला न दिसलेले भगदाड. जुना संगणक वापरणाऱ्यांनी आधी हे तपासा

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, शाळा, बाजार समितीतला आडत्या. आता कुणाचेच काम संगणकाशिवाय होत नाही. ई-मेल येतो, त्याला वर्डची किंवा एक्सेलची फाईल जोडलेली असते. 'कोटेशन', 'बिल', 'तातडीचे परिपत्रक' असे काहीतरी नाव असते. फाईल उघडून बघायची, काम असेल तर प्रिंट काढायची, नसेल तर बंद करायची, एवढाच आपला रोजचा शिरस्ता.

पण फाईल नुसती उघडल्यानेही संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. "आम्ही काही डाउनलोड केलं नाही, कुणाला ओटीपी दिला नाही, मग घुसला कसा?" असा प्रश्न फसलेला माणूस विचारतो. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या एका जुन्या चुकीची गोष्ट माहीत पाहिजे. संगणकाच्या जगात ती 'सीव्हीई-२०१७-११८८२' या नंबराने ओळखली जाते. जमिनीला जसा गट नंबर, तसा सापडलेल्या प्रत्येक चुकीला असा एक नंबर मिळतो. त्यातला २०१७ हा आकडा वर्षाचा.

चूक नेमकी कुठे होती?

वर्डमध्ये गणिताची सूत्रे लिहायला 'इक्वेशन एडिटर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असायचा. वर्गमूळ, अपूर्णांक, बेरजेची मोठी चिन्हे टाकायची तर शाळेतले गुरुजी आणि पेपर टाईप करणारे तोच वापरायचे. तो मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेला नव्हता. डिझाइन सायन्स नावाच्या कंपनीकडून तो घेतलेला होता. लोकांच्या संगणकांत जी प्रत बसलेली होती ती ९ नोव्हेंबर २००० या दिवशी तयार झालेली.

ऑफिस २००७ आल्यावर सूत्रे लिहायची नवी सोय वर्डमध्येच आली. पण जुन्या फाईलीतली जुनी सूत्रे उघडता यावीत म्हणून हा जुना प्रोग्रॅम तसाच आत ठेवला गेला. नवे घर बांधले तरी जुन्या गोठ्याचे दार मागे तसेच राहावे, तसा हा प्रकार. २००० पासून सतरा वर्षे त्या दाराकडे कुणी नीट पाहिले नाही.

२०१७ मध्ये एम्बेडी या सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी ते दार शोधून काढले. चूक होती फॉन्टच्या नावात. सूत्र कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचे ते नाव फाईलमध्ये लिहिलेले असते. प्रोग्रॅम ते वाचून आपल्या आठवणीतल्या एका ठरावीक मापाच्या जागेत उतरवून घेतो. उतरवताना नाव किती लांब आहे हे मात्र तो मोजतच नव्हता.

एका अर्जावरून समजून घेऊ

समजा, एक छापील अर्ज आहे. वरच्या चौकटीत 'नाव' लिहायचे. तिच्या लगेच खालच्या चौकटीत साहेबांनी आधीच लिहून ठेवले आहे, 'हे काम झाले की पुढे टेबल क्रमांक ४ वर जा.' कारकून डोळे झाकून काम करणारा आहे. समोर येईल ते नाव जसेच्या तसे उतरवतो.

आता कुणी मुद्दाम भलेमोठे नाव दिले. कारकून लिहीत सुटला. नावाची चौकट भरली तरी थांबला नाही आणि खालच्या चौकटीतल्या सूचनेवरही लिहून बसला. त्या लांबलचक नावाचा शेवट चोराने हुशारीने असा ठेवला होता की, खालच्या चौकटीत आता 'मागच्या दाराने जा आणि तिथल्या माणसाला आत घे' असे वाचता येते. काम संपल्यावर कारकून ती सूचना वाचतो आणि मुकाट्याने मागचे दार उघडून देतो.

इक्वेशन एडिटरमध्ये अगदी हेच घडते. फॉन्टचे नाव म्हणून भलताच मजकूर येतो, ठरलेल्या जागेबाहेर सांडतो आणि 'पुढे कुठे जायचे' हा पत्ताच बदलून टाकतो. मग संगणक चोराने सांगितलेली आज्ञा चालवतो. ती आज्ञा बहुतेक वेळा एकच असते: इंटरनेटवरच्या अमुक ठिकाणाहून प्रोग्रॅम उतरवून घे आणि सुरू कर. नव्या प्रोग्रॅममध्ये अशा सांडण्याला अडवणारे बांध घातलेले असतात. हा प्रोग्रॅम २००० सालचा, त्याला तसले बांधच नव्हते.

मॅक्रो बंद असला तरी उपयोग नाही

संगणक प्रशिक्षणात एक गोष्ट नेहमी सांगतात, 'अनोळखी फाईलमधले मॅक्रो चालू करू नका.' सल्ला बरोबर आहे, पण इथे तो पुरा पडत नाही. या चुकीला मॅक्रो लागतच नाही. 'परवानगी द्या' असा प्रश्नही येत नाही. फाईल पूर्ण उघडली की झाले. स्क्रीनवर कोरे पान दिसते किंवा अर्धवट मजकूर दिसतो. माणूस म्हणतो, "फाईल खराब आहे वाटतं," आणि बंद करून चहाला जातो. तोवर आतले काम उरकलेले असते.

दुरुस्ती झाली, पण चोर थांबले नाहीत

मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी या चुकीला ठिगळ लावले, म्हणजे अपडेट दिले. ऑफिस २००७ ची मुदत महिनाभर आधीच, १० ऑक्टोबरला संपली होती. तरी तिच्यासाठीही दुरुस्ती दिली, यावरून गांभीर्य लक्षात यावे. पुढे त्याच प्रोग्रॅममध्ये आणखी एक चूक निघाली. तेव्हा ठिगळावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने इक्वेशन एडिटर मुळासकट काढून टाकला.

मग प्रश्न मिटला का? नाही. दुरुस्ती जाहीर झाली की चोरांनाही कळते की भगदाड नेमके कुठे आहे. दुरुस्ती येऊन आठवडा व्हायच्या आत मध्यपूर्वेतल्या एका सरकारी संस्थेवर याच चुकीतून हल्ला झाल्याचे फायरआय या सुरक्षा कंपनीने नोंदवले. जून २०१९ मध्ये युरोपातल्या भाषांतून अशा फाईली ई-मेलने पाठवल्या जात असल्याचा इशारा खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला. मे २०२० मध्ये अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था आणि एफबीआय यांनी २०१६ ते २०१९ या काळात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या दहा चुकांची यादी काढली. त्यात ही चूक होती. दुरुस्ती येऊन अडीच वर्षे झाली होती, तरी!

याचे कारण साधे आहे. अपडेट निघणे वेगळे आणि ते आपल्या संगणकात बसणे वेगळे. धरणातून पाणी सोडले म्हणून प्रत्येक शेतात पोचतेच असे नाही. चारी मधेच फुटलेली असेल तर शेपटाकडचा शेतकरी कोरडाच राहतो.

आपल्याकडे चारी कुठे फुटते?

पहिले कारण, फुकटचे ऑफिस. संगणक घेतला की दुकानदार 'सगळं टाकून देतो' म्हणतो. त्यात विनापरवाना ऑफिस असले तर ते पकडले जाऊ नये म्हणून अपडेट मुद्दाम बंद करून ठेवलेले असते. मालकाला वाटते पाच-सात हजार वाचले.

दुसरे कारण, मराठी टायपिंग. जुन्या संगणकात श्रीलिपी किंवा आयएसएम बसवलेले असते. वीस वर्षांचे ठराव, प्रोसिडिंग, नमुने सगळे त्याच फॉन्टमध्ये. नवीन विंडोज टाकले तर फॉन्ट चालतील का, जुन्या फाईली उघडतील का, ही भीती असते. म्हणून 'चालतंय ना, मग हात लावू नका' असे होते. भीती खोटी नाही, पण तिच्यावर इलाज आहे. जुन्या फॉन्टसाठी ठेवलेल्या संगणकाला इंटरनेट जोडू नये. ई-मेल आणि बँकेचे काम दुसऱ्या, अपडेट असलेल्या संगणकावर करावे.

तिसरे कारण, मुदत संपलेली सॉफ्टवेअरे. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, ऑफिस २०१० ची १३ ऑक्टोबर २०२० ला. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची ठरलेली मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही. पण त्यानंतर सापडणाऱ्या चुकांना नेहमीचे ठिगळ मिळत नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची वेगळी योजना आहे, पण त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

चोराला गावातल्या संगणकात काय मिळणार?

"आमच्याकडं काय आहे चोरण्यासारखं?" असे अनेकांना वाटते. या चुकीतून जे प्रोग्रॅम घुसवले गेले त्यात लोकी, एजंट टेस्ला आणि फॉर्मबुक ही नावे वारंवार आली. तिघांचे काम मुख्यतः चोरीचे. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलणे, ई-मेलचे पासवर्ड काढणे; त्यातले काही तर कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण टिपून घेतात.

आता विचार करा. ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून डिजिटल सहीने निघतो. सहीचे डोंगल पुष्कळदा दिवसभर संगणकाला लावलेलेच असते आणि पिन कुठेतरी चिकटवलेला. पतसंस्थेच्या संगणकात सभासदांची खाती, आधार, पॅन. शेतकरी उत्पादक कंपनीच्या ई-मेलवर व्यापाऱ्यांशी पैशाचे व्यवहार. ई-मेलचा पासवर्ड गेला तर चोर त्याच पत्त्यावरून व्यापाऱ्याला 'आमचा खाते नंबर बदलला आहे' असे कळवू शकतो. माल आपला जातो आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात. ही रक्कम कुणा एकाची नसते, गावाची असते.

चूक एकच नव्हती

इक्वेशन एडिटर गेला म्हणून फाईली निर्धोक झाल्या असे नाही. मे २०२२ मध्ये 'फोलिना' नावाची दुसरी चूक उघड झाली. त्यात वर्डची फाईल विंडोजच्याच दुरुस्तीच्या साधनाला हाताशी धरून आज्ञा चालवायची. आरटीएफ प्रकारची फाईल असेल तर ती उघडायचीही गरज नव्हती, फोल्डरमध्ये नुसती झलक दिसली तरी पुरे. त्याची दुरुस्ती १४ जून २०२२ ला आली. म्हणजे एका चुकीची भीती बाळगून भागत नाही, अपडेटची सवयच लागते.

आता काय करायचे?

• इक्वेशन एडिटर आहे का बघा. सी ड्राईव्हमध्ये प्रोग्रॅम फाईल्स, त्यात कॉमन फाईल्स, त्यात मायक्रोसॉफ्ट शेअर्ड, त्यात 'इक्वेशन' नावाचा फोल्डर. प्रोग्रॅम फाईल्सचे दोन फोल्डर असतील तर दोन्हीकडे पाहा. तिथे 'ईक्यूएनईडीटी३२' नावाचा प्रोग्रॅम दिसला, तर त्या संगणकाला जानेवारी २०१८ नंतरचे ऑफिसचे अपडेट मिळालेले नाही असे समजा. जाणकाराला लगेच बोलवा.

• अपडेट तपासा. वर्ड उघडून 'फाईल' आणि मग 'अकाउंट' मध्ये गेले की अपडेटची माहिती दिसते. विंडोजचे अपडेट सेटिंगमध्ये दिसते.

• पिवळी पट्टी आली की थांबा. इंटरनेटवरून आलेली फाईल वर्ड आधी बंदिस्त अवस्थेत उघडते आणि वर पिवळी पट्टी दाखवते. या अवस्थेत ही चूक चालत नाही. 'एनेबल एडिटिंग' दाबले की कुंपण उघडते. फाईल नुसती वाचायची असेल तर ते बटण दाबायचे कारणच नाही. पेनड्राईव्हवरून आलेल्या फाईलवर इंटरनेटची ती खूण बहुधा राहत नाही आणि पट्टी येत नाही, हेही लक्षात ठेवा.

• आधी फोन, मग फाईल. अनपेक्षित बिल, कोटेशन, परिपत्रक आले तर पाठवणाऱ्याला त्याच्या माहितीतल्या नंबरवर विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

• पैसे नसतील तर फुकटचे पण कायदेशीर घ्या. लिब्रेऑफिस मोफत मिळते, युनिकोड मराठी त्यात चालते आणि वर्डच्या बहुतेक फाईली उघडतात. त्याचेही अपडेट मात्र घेत राहावे लागते.

• डोंगल काम झाले की काढून कुलपात ठेवा. पिन डोंगलजवळ लिहून ठेवू नका.

• आठवड्याला एकदा कामाच्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. लावलेलीच राहिली तर चोर तिच्यातही हात घालतो.

शंका आली तर

फाईल उघडल्यावर काही विचित्र वाटले तर पहिल्यांदा त्या संगणकाचे इंटरनेट तोडा. केबल काढा किंवा वायफाय बंद करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाईलवरून, त्याच संगणकावरून नको. बँकेला कळवा, डिजिटल सही रद्द करायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर लगेच फोन करा आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. इथे तासातासाचे महत्त्व आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा राहते.

आणि ज्याने फाईल उघडली त्या ऑपरेटरवर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेच दोन दिवस चोराला पुरतात. ग्रामपंचायत असो की सोसायटी, पुढच्या मासिक सभेत संगणकाच्या अपडेटचा आणि परवाना असलेल्या सॉफ्टवेअरचा विषय अजेंड्यावर घ्यावा. त्याला लागणारा खर्च एका गेलेल्या हप्त्यापेक्षा नक्कीच कमी आहे.