दुभंगलेले राष्ट्र

आपसांतील विनाशकारी कलहाला मराठीत ‘यादवी’ असे म्हणतात. श्रीकृष्णाच्या कुळातील यादवांनी प्रभासक्षेत्री एकमेकांवर शस्त्र धरले आणि आपल्याच हातांनी आपल्या कुळाचा नाश करून घेतला, ही महाभारतातील कथा या शब्दामागे उभी आहे. परचक्र आले म्हणजे लोक आपले लहानमोठे तंटे विसरून एक होतात. परंतु यादवीत स्वकीय कोण आणि शत्रू कोण हेच कळेनासे होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवर १८६१ ते १८६५ या काळात असाच प्रसंग ओढवला. त्या चार वर्षांत सैनिकांनी काय सोसले, घरी राहिलेल्यांनी काय भोगले आणि एवढ्या धुमाळीत राज्यकारभार कसा चालला, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या कलहाचे मूळ पाहू. १८६० साली अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती. त्यांपैकी जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचे हे वंशज. गुरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. आईपासून मूल आणि पतीपासून पत्नी तोडून विकली जाई. उत्तरेकडील राज्यांतून ही प्रथा नाहीशी झाली होती. दक्षिणेकडील राज्यांची सारी संपत्ती मात्र कापसावर आणि कापसाचे मळे गुलामांच्या घामावर उभे होते. पश्चिमेकडे नवे प्रदेश वसत होते. तेथे गुलामगिरी असावी की नसावी, यावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यातील वाद वर्षानुवर्षे चिघळत गेला.

१८६० च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, असे म्हणणारा अब्राहम लिंकन तीत निवडून आला. जेथे ती प्रथा आधीपासून आहे तेथे आपण हात घालणार नाही, असे त्याने सांगितले होते. तरीही दक्षिणेच्या पुढाऱ्यांना तो निकाल सहन झाला नाही. लिंकनने अधिकारपद स्वीकारण्यापूर्वीच, २० डिसेंबर १८६० रोजी, साउथ कॅरोलायना राज्याने आपण राष्ट्रातून फुटल्याचे जाहीर केले. मागोमाग आणखी सहा राज्ये फुटली. त्यांनी आपले निराळे सरकार स्थापून जेफरसन डेव्हिस याला अध्यक्ष नेमले. निवडणुकीत आपला पराभव झाला की राष्ट्र सोडून जावयाचे, असे ठरले तर लोकशाही टिकणार कशी, हा प्रश्न लिंकनपुढे होता. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी समटर किल्ल्यावर मारा केला आणि मतपेटीपुढे मिटावयाचा वाद रणांगणावर गेला. लिंकनने ७५,००० स्वयंसेवक मागितले, तेही अवघ्या तीन महिन्यांसाठी! हे ऐकताच आणखी चार राज्ये फुटली आणि फुटीर राज्यांची संख्या अकरा झाली.

या युद्धाने घराघरांतून भिंती उभ्या केल्या. लिंकन आणि डेव्हिस हे दोघेही एकाच केंटकी राज्यात जन्मलेले. त्याच राज्याच्या क्रिटेंडन नावाच्या वृद्ध प्रतिनिधीने युद्ध टाळण्यासाठी जिवाचे रान केले. परंतु त्याचा एक मुलगा उत्तरेच्या सैन्यात सेनापती झाला आणि दुसरा दक्षिणेच्या! खुद्द लिंकनच्या पत्नीचे सावत्र भाऊ तिच्या पतीच्या सैन्याविरुद्ध लढत होते. रॉबर्ट ली याने तीस वर्षांहून अधिक काळ राष्ट्राच्या सैन्यात नोकरी केली होती. उत्तरेच्या फौजेचे आधिपत्य त्याला देऊ केले गेले. पण आपले राज्य व्हर्जिनिया फुटताच त्याने राजीनामा दिला आणि तो दक्षिणेस मिळाला.

सैनिकांत बहुसंख्य होते ते शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे तरुण मुलगे. युद्ध म्हणजे पराक्रम, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात छावणीतील चिखल, दूषित पाणी आणि साथीचे रोग यांनीच त्यांना अधिक छळले. गोळ्यांनी जितके मेले, त्यांच्या सुमारे दुप्पट सैनिक आजारांनी मेले. १८६२ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातील एका नदीच्या दोन्ही तीरांवर दोन्ही सैन्यांच्या छावण्या पडल्या होत्या. एका बाजूस कॉफी मुबलक होती, तंबाखू नव्हती. दुसऱ्या बाजूस तंबाखू होती, कॉफी नव्हती. तेव्हा पहाऱ्यावरील शिपाई लहानशा होड्या करून पाण्यात सोडीत आणि कॉफी-तंबाखूची देवघेव करीत. काल ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि उद्या पुन्हा झाडावयाच्या, तेच हे शिपाई! त्यांचे परस्परांशी वैयक्तिक वैर नव्हते.

घरी राहिलेल्यांचे हालही काही कमी नव्हते. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथे घनघोर लढाई झाली. दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्या गावची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. जेनी वेड ही वीस वर्षांची मुलगी पावासाठी कणीक मळीत असताना दारातून आलेल्या गोळीने ठार झाली. सैन्ये निघून गेल्यावर हजारो जखमी मागे राहिले. देवळे, शाळा, गोठे यांची रुग्णालये झाली आणि गावकऱ्यांनी शत्रू-मित्र न पाहता त्यांची शुश्रूषा केली. वॉशिंग्टनच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करणारी क्लारा बार्टन ही औषधे आणि पट्ट्या यांनी भरलेल्या गाड्या घेऊन थेट रणभूमीवर जात असे. पुढे १८८१ साली तिनेच अमेरिकेत रेड क्रॉसची स्थापना केली.

त्याच सुमारास मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराला उत्तरेच्या सैन्याचा वेढा पडला होता. सत्तेचाळीस दिवस तोफा धडाडत होत्या. बायकामुलांनी टेकड्यांत गुहा खोदून त्यांत आसरा घेतला. अन्न संपले तेव्हा लोक खेचरांचे मांस खाऊ लागले. छापण्यास कागद उरला नाही, म्हणून तेथील वृत्तपत्र भिंतींना चिकटवावयाच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर निघू लागले. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, २ एप्रिल १८६३ रोजी शेकडो स्त्रिया ‘भाकरी, भाकरी’ असा आक्रोश करीत रस्त्यावर आल्या आणि त्यांनी दुकाने फोडली. डेव्हिस स्वतः तेथे आला आणि गर्दी पांगली नाही तर गोळीबार करावा लागेल, असे त्याला आपल्याच लोकांना बजवावे लागले.

या युद्धाची झळ सातासमुद्रांपलीकडेही पोहोचली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली, त्यामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना. तेथील लँकेशायर परगण्यातील गिरण्या बंद पडल्या आणि हजारो मजूर उपाशी राहिले. मग हिंदुस्थानच्या कापसाला विलक्षण मागणी आली. मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला. नव्या पेढ्या आणि नव्या कंपन्या रोज निघू लागल्या. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या व सावकार पाहता पाहता बुडाले.

स्वयंसेवक पुरेनात, तेव्हा दोन्ही सरकारांनी सक्तीची सैन्यभरती सुरू केली. उत्तरेत ३०० डॉलर भरणाऱ्यास या सक्तीतून सुटका मिळे. मजुराला एवढी रक्कम मिळवण्यास जवळजवळ वर्ष लागे. दक्षिणेत वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषास सूट होती. हे युद्ध श्रीमंतांचे, पण लढाई मात्र गरिबांची, अशी कुजबूज दोन्हीकडे सुरू झाली. न्यूयॉर्क शहरात जुलै १८६३ मध्ये तिचा स्फोट झाला. चार दिवस दंगल चालली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. खेदाची गोष्ट अशी, की जमावाचा राग निरपराध कृष्णवर्णीयांवर वळला. त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रमसुद्धा जाळण्यात आला. आतील दोनशेहून अधिक मुले सुदैवाने सुखरूप बाहेर पडली.

राज्यकर्त्यांपुढेही कठीण पेच होते. संशयितांना चौकशीवाचून अटकेत ठेवण्याचा अधिकार लिंकनने घेतला. राष्ट्र वाचवण्यासाठी हे आवश्यक होते, असे काहींना वाटले. ज्या कायद्यासाठी लढावयाचे तोच मोडला जात आहे, असा आक्षेप इतरांनी घेतला. आजही अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत.

युद्धाच्या आरंभी लिंकनचा हेतू राष्ट्राची एकता राखणे एवढाच होता. परंतु गुलाम स्वस्थ बसले नाहीत. मळे सोडून हजारोंच्या संख्येने ते उत्तरेच्या छावण्यांत येऊन दाखल झाले. कलहाचे मूळ जागच्या जागी ठेवून कलह मिटणार नाही, हे हळूहळू सर्वांना उमगू लागले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर प्रदेशांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. त्यानंतर सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. यांना १० डॉलर देऊन त्यांतूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापून घेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ५४ व्या पलटणीने असा पगार घेण्याचे साफ नाकारले. राज्याने वरची रक्कम भरून देऊ केली, तीही त्यांनी घेतली नाही. त्यांना दान नको होते, समानता हवी होती. वर्षाहून अधिक काळ ते बिनपगारी लढले. अखेर जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला.

आता १८६४ च्या निवडणुकीकडे वळू. अशा धामधुमीत निवडणूक पुढे ढकलली असती तरी कोणास नवल वाटले नसते. परंतु लिंकनने ती ठरल्या वेळीच घेतली. युद्ध लांबत चालले होते आणि लोक कंटाळले होते. लिंकनविरुद्ध उभा होता त्याचाच एके काळचा सरसेनापती मॅक्लेलन. त्याच्या पक्षाने युद्ध अयशस्वी ठरल्याचे सांगून शांततेची मागणी केली होती. ऑगस्टमध्ये लिंकनने एका कागदावर काही ओळी लिहिल्या आणि तो दुमडून, न वाचताच आपल्या मंत्र्यांच्या सह्या त्यावर घेतल्या. आपला पराभव होण्याचा संभव फार आहे. तसे झाल्यास नव्या अध्यक्षाच्या हाती कारभार जाईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून राष्ट्र वाचवणे हे आपले कर्तव्य राहील, असे त्याने त्यात लिहिले होते. ज्या निकालाचे भय वाटत होते, तोही मान्य करण्याची ही तयारी! १८६० साली दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी नेमकी हीच तयारी दाखवली नव्हती.

सप्टेंबरात अटलांटा शहर पडले आणि वारे फिरले. ८ नोव्हेंबर १८६४ रोजी मतदान झाले. अनेक राज्यांनी आपल्या सैनिकांना छावणीतच मत देण्याची सोय केली होती. युद्ध चालू ठेवण्यास मत देणे म्हणजे आपले स्वतःचे प्राण पुन्हा पणास लावणे, हे त्या सैनिकांना ठाऊक होते. तरीही दर चार सैनिकांपैकी तिघांहून अधिकांनी लिंकनला मत दिले. लिंकन पुन्हा निवडून आला. मात्र त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीय सैनिकांना त्या दिवशी मत देता आले नाही, हेही विसरता येत नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स या खेड्यात लीने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली. ग्रँटने कोणास कैद केले नाही. पेरणीचे दिवस जवळ आले होते, म्हणून ज्यांचे घोडे स्वतःचे होते त्यांना ते घरी नेऊ दिले. उपाशी सैनिकांना शिधा पुरवला. आपल्या सैनिकांनी विजयाचा जल्लोष सुरू केला तोही त्याने थांबवला. कारण कालचे शत्रू आता पुन्हा देशबांधव झाले होते. पाचच दिवसांनी एका माथेफिरूने लिंकनवर गोळी झाडली आणि दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिल रोजी, त्याने प्राण सोडला.

या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्यू पावले. काही अभ्यासकांच्या मते हा आकडा सात लाखांपर्यंत जातो. १८६५ च्या डिसेंबरात घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची नष्ट झाली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्यात औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशातील शूद्रातिशूद्रांची मुक्तता करताना येथील लोकांनी तो कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती.

१८७० पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना कागदोपत्री मताधिकारही मिळाला. परंतु थोड्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी नाना युक्त्या आणि दहशत यांच्या जोरावर तो हिरावून घेतला. तो पुन्हा पदरात पडण्यास १९६५ साल उजाडावे लागले. रणांगणावरचा निकाल चार वर्षांत लागला. मनांतील आणि कायद्यातील अन्याय दूर होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. तुटलेली राज्ये शस्त्रबळाने जोडता येतात. पण दुभंगलेले राष्ट्र खऱ्या अर्थाने सांधले जाते, ते त्यातील प्रत्येकाला समान माणूस म्हणून जगता येते तेव्हाच.

स्वाध्याय

१. ‘यादवी’ हा शब्द कोणत्या कथेवरून रूढ झाला?
२. दक्षिणेकडील राज्ये राष्ट्रातून का फुटली?
३. ५४ व्या पलटणीतील सैनिकांनी पगार का नाकारला? त्यांची कृती तुम्हांला योग्य वाटते काय?
४. १८६० आणि १८६४ या दोन निवडणुकींच्या वेळी पुढाऱ्यांच्या वागण्यात कोणता फरक दिसतो, ते आपल्या शब्दांत लिहा.