कवकांमधील जनुके व जनुकाभिव्यक्ती

कवकांमधील (हरितद्रव्य नसणाऱ्या, बुरशीसारख्या सजीवांमधील) जनुकांची रचना व कार्य, तसेच त्या जनुकांतील माहितीनुसार आरएनए व प्रथिने केव्हा आणि किती प्रमाणात तयार होतात, यांचा अभ्यास या विषयात केला जातो. जनुकातील माहिती अशा रीतीने प्रत्यक्षात उतरण्याच्या क्रियेला जनुकाभिव्यक्ती म्हणतात. सजीवात एखादे जनुक असणे आणि ते कार्यरत असणे या दोन भिन्न गोष्टी होत. या अभ्यासासाठी कवकांचे दोन प्रकार विशेष उपयुक्त ठरले आहेत : एककोशिक यीस्ट (किण्व) आणि कवकतंतूंचे जाळे निर्माण करणारी तंतुमय कवके (उदा., शिळ्या पावावर येणारी बुरशी).

अनुकूल गुणधर्म : कवकांच्या कोशिकेत सुस्पष्ट केंद्रक असते. त्यामुळे जीवाणूंपेक्षा ती मनुष्याच्या कोशिकेला अधिक जवळची आहे. असे असूनही कवके साध्या संवर्धन माध्यमावर जलद वाढतात. पाव व मद्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टच्या कोशिकांची संख्या अनुकूल परिस्थितीत सुमारे ९० मिनिटांत दुप्पट होते. दुसरे असे की, पुष्कळ कवकांच्या जीवनचक्रात एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) अवस्था दीर्घकाळ टिकते. मनुष्यात प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती असल्याने एकीतील दोष दुसरीमुळे झाकला जाऊ शकतो; एकगुणित कवकात मात्र तो तत्काळ प्रकट होतो. न्यूरोस्पोरा क्रासा या नारिंगी बुरशीत आठ बीजुके एका अरुंद धानीत क्रमाने रांगेत असतात. ती एकेक करून वाढविल्यास जनुकांची वाटणी कशी झाली, हे थेट वाचता येते.

ऐतिहासिक आढावा : ओ. व्हिंगे या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये यीस्टच्या जीवनचक्रात एकगुणित व द्विगुणित अवस्था एकाआड एक येतात, असे दाखविले. जी. डब्ल्यू. बीडल व ई. एल. टेटम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये न्यूरोस्पोरावरील प्रयोग प्रसिद्ध केले. ही बुरशी शर्करा, लवणे व बायोटीन एवढ्यावरच वाढते. क्ष-किरणांचा मारा केल्यानंतर मिळालेले काही प्रकार या माध्यमावर वाढेनात. परंतु विशिष्ट जीवनसत्त्व वा ॲमिनो अम्ल पुरविल्यास वाढू लागले. त्यावरून एक जनुक एका एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) नियंत्रण करते, हा सिद्धांत पुढे आला. पुढे त्याला काही मर्यादा पडल्या, तरी जनुक ‘काय करते’ या प्रश्नाचे ते पहिले प्रायोगिक उत्तर होते. या कार्याबद्दल दोघांना १९५८ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

अभिव्यक्तीचे नियंत्रण : यीस्टमधील गॅलॅक्टोज शर्करेचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. ही शर्करा पचविणाऱ्या एंझाइमांची जनुके ‘गॅल-४’ हे प्रथिन कार्यान्वित करते. गॅलॅक्टोज नसताना ‘गॅल-८०’ हे दुसरे प्रथिन त्याला अडवून धरते. गॅलॅक्टोज मिळताच ‘गॅल-३’ ही अडवणूक दूर करते आणि जनुकाभिव्यक्ती सुमारे १,००० पट वाढते. ग्लुकोज उपलब्ध असल्यास मात्र ही जनुके दबलेलीच राहतात, कारण सुलभ अन्न असताना इतर एंझाइमे बनविणे कोशिकेला परवडत नाही. या व्यवस्थेमुळे संशोधकांना माध्यमातील शर्करा बदलून हवे ते जनुक चालू वा बंद करता येते.

जनुकात बदल घडविणे : ए. हिनेन, जे. बी. हिक्स व जी. आर. फिंक यांनी १९७८ मध्ये बाहेरून दिलेला डीएनए यीस्टच्या गुणसूत्रात समाविष्ट होतो, असे दाखविले. यीस्टमध्ये असा डीएनए बहुधा आपल्याशी जुळणाऱ्या जागीच बसतो. त्यामुळे नेमके एक जनुक काढून टाकून परिणाम पाहता येतो. सॅकॅरोमायसीजमधील सुमारे ६,००० जनुके अशी एकेक करून काढली असता सुमारे पाचवा हिस्साच जगण्यास अपरिहार्य असल्याचे दिसले. तंतुमय कवकांत डीएनए पुष्कळदा भलत्याच जागी बसत असे. तुटलेला डीएनए कसाही जोडणारी यंत्रणा निकामी केल्यावर (न्यूरोस्पोरात २००४) ही अडचण बव्हंशी दूर झाली.

यीस्ट व तंतुमय कवके यांतील फरक : यीस्टवरून काढलेले निष्कर्ष तंतुमय कवकांना सरसकट लागू पडत नाहीत. यीस्टचा संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये (केंद्रकयुक्त सजीवांत सर्वप्रथम) आणि न्यूरोस्पोराचा २००३ मध्ये वाचला गेला. दुसऱ्यात सुमारे १०,००० जनुके आढळली. न्यूरोस्पोराला नारिंगी रंग देणाऱ्या जनुकाची जादा प्रत घातली असता रंग गडद होण्याऐवजी काही वाढी पांढऱ्या झाल्या, असे १९९२ मध्ये दिसले. जादा प्रतीमुळे मूळ जनुकही मूक झाले होते. आरएनएद्वारे होणारे हे दमन प्राणी व वनस्पतींतही आढळले आहे; सॅकॅरोमायसीजमध्ये मात्र ही यंत्रणा नाही. केवळ यीस्टच अभ्यासले असते, तर तिचा सुगावा लागला नसता.

महत्त्व : यीस्टमध्ये यकृतशोथ-बी विषाणूचे पृष्ठीय प्रथिन बनवून तयार केलेल्या लशीला १९८६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. हैदराबाद व पुणे येथील उत्पादकांनीही यीस्ट वापरून ही लस तयार केली आहे. पेनिसिलियमच्या अधिक उत्पादनक्षम वाणांत पेनिसिलीननिर्मितीच्या जनुकसमूहाच्या अनेक प्रती आढळल्या. म्हणजे किरणोत्सर्गाने घडविलेल्या उत्परिवर्तनांतून केलेल्या निवडीत नकळत अभिव्यक्तीचीच निवड झाली होती.

कवकांचे मनुष्याशी असलेले साम्य चिकित्सेत मात्र अडचणीचे ठरते, कारण कवकाला मारक पण रुग्णाला निरुपद्रवी अशी औषधे थोडीच आहेत. फुप्फुसांत प्राणघातक संसर्ग करणाऱ्या ॲस्परजिलस फ्यूमिगेटसच्या काही वाणांवर ॲझोल औषधे चालत नाहीत. अशा एका प्रकारात औषधाचे लक्ष्य असलेल्या एंझाइमाच्या जनुकात एक बदल असतो. शिवाय जनुकाच्या आरंभापूर्वीच्या नियंत्रक भागातील ३४ आधारक-जोड्यांचा तुकडा दोनदा येतो, त्यामुळे एंझाइम अधिक प्रमाणात तयार होते. एंझाइमाचा आकार व प्रमाण असे दोन्ही बदलल्याने औषध निष्प्रभ ठरते. पिकांवर फवारल्या जाणाऱ्या ॲझोल कवकनाशकांशी या प्रकाराचा संबंध जोडला जातो. भारतातही तो आढळला आहे. म्हणून औषधरोधाचा शोध घेताना केवळ जनुक वाचून भागत नाही. ते किती प्रमाणात व्यक्त होते, हेही मोजावे लागते.