मुलगा-मुलगी चांगला फुटबॉल खेळते? मग कॉलेजच्या निवडीसाठी आठवीपासूनच ही तयारी करा

कामठी : संध्याकाळी कामठीत कुठल्याही मैदानाकडे चक्कर मारा, पोरं फुटबॉल खेळताना दिसतीलच. छावणीच्या या गावात हा खेळ जुना आहे. इथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या लीगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दरवर्षी चांगले खेळणारे कितीतरी पोरं बारावीनंतर खेळ सोडतात. बऱ्याचदा कारण एकच असतं. कॉलेजात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मागायला गेल्यावर दाखवायला त्यांच्याकडे कागदच नसतो.

अमेरिकेत कॉलेजचे लोक शाळेच्या मैदानावर येऊन खेळाडू हेरतात. आपल्याकडे कोणी येईल म्हणून वाट पाहू नका. इथे आपल्यालाच कॉलेजपर्यंत जावं लागतं, तेही फाइल घेऊन.

कोणती मॅच मोजली जाते?

गावोगावी रोख बक्षिसाच्या स्पर्धा होतात. पोरं त्यात जीव तोडून खेळतात, ट्रॉफीही आणतात. खेळायला हरकत नाही, पण प्रवेशाच्या वेळी त्या ट्रॉफीला सहसा किंमत नसते. तिथे शासनाच्या शालेय स्पर्धेचं, मान्यताप्राप्त फुटबॉल संघटनेचं किंवा विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागतं.

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशा पायऱ्या असतात. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. 1960 पासून सुरू असलेल्या सुब्रतो कपलाही शाळेच्या संघातूनच जाता येतं. त्यात 17 वर्षांखालील मुलींचाही गट आहे.

म्हणून शाळा सुरू झाली की क्रीडा शिक्षकांना पहिल्याच महिन्यात विचारा, ‘सर, यंदा आपल्या शाळेची फुटबॉलची एन्ट्री जाणार ना?’ शाळेनं संघाची नोंद केली नाही, तर पोरगं कितीही चांगलं खेळत असलं तरी त्याचं ते वर्ष वाया जातं.

फाइलमध्ये काय ठेवायचं?

1. जन्म दाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला. तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख सारखीच हवी. फरक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, प्रवेशाच्या गर्दीत ते होत नाही.

2. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि झेरॉक्स. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. स्पर्धेचा स्तर, वर्ष आणि वयोगट त्यावर स्पष्ट असावा.

3. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी क्लबमार्फत होते. पोरगं क्लबकडून खेळत असेल तर ‘नोंदणी झाली का, नंबर काय?’ एवढं विचारून लिहून ठेवा.

4. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ. मोबाइल आडवा धरा, थोड्या उंचीवरून शूट करा. सर्वात चांगला खेळ आधी दाखवा आणि जर्सी नंबर सांगा. गाणी टाकू नका. एक पूर्ण मॅचही जवळ ठेवा, कारण बॉल पायात नसताना पोरगं काय करतं तेही कोच पाहतात.

कॉलेजात कोणाला भेटायचं?

बारावीचा निकाल लागायच्या आधीच कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. कॉलेजला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ उभा करायचा असतो, म्हणजे गरज त्यांनाही असते. तिथे निवड झाली तर विद्यापीठाच्या संघाचा आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रस्ता मोकळा होतो. फी सवलत, होस्टेल, बूट आणि प्रवासखर्च यांचं काय, ते तोंडावर विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाहेर जायचं असेल तर दिल्ली विद्यापीठातही खेळाच्या कोट्यातून प्रवेश होतात. त्यासाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते आणि मैदानावर ट्रायल होते. म्हणून अभ्यास सोडून चालत नाही. बारावी अडकली की कोटाही अडकला.

दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलतही मिळते. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तिथेही प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणजे आज जपून ठेवलेला कागद दहा वर्षांनीही कामाला येतो.

दोन ठिकाणी सावध राहा

पहिलं, वय लपवू नका. काही जण ‘दोन वर्षं कमी लावू, पोरगं चमकेल’ असा सल्ला देतात. आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. पकडलं गेलं तर बंदी येऊ शकते, आणि मग बदनामी पोराचीच होते.

दुसरं, परदेशी क्लबच्या नावानं पैसे मागणारे. फिफाच्या नियमानुसार 18 वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही, अपवाद मोजकेच आहेत. त्यामुळे 15-16 वर्षांच्या पोराला ‘युरोपच्या क्लबात लावून देतो’ म्हणत कोणी लाख-दोन लाख मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. आधी जिल्हा संघटनेत किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन खात्री करा. शेत गहाण ठेवून ट्रायल देण्याची वेळ कुठल्याही घरावर येऊ नये.

आज काय करता येईल?

घरात खेळणारं पोरगं-पोरगी असेल तर आज संध्याकाळी एक साधी फाइल घ्या आणि जन्म दाखल्यापासून सुरुवात करा. गोल मारायचं काम पोरांचं आहे. मारलेला गोल कागदावर आला की नाही, हे मात्र आई-बाबांनी आणि सरांनी बघायचं आहे.